एकोणीस सेकंद कोणाचे

या प्रवासाला मी चार वर्षं उशिरा निघालो. २००८च्या डिसेंबरात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पुण्याहून वर्ध्याच्या गाडीत बसलो तेव्हा घरी सांगितलं होतं की आश्रम पाहायला जातोय. आश्रम मी पाहिला नाही. वर्धा जिल्ह्यात पाच दिवस काढून परत आलो आणि दोन महिने गप्प राहिलो. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना तो दिसावा असं लिहायचा माझा प्रयत्न आहे, पण मी तिकडे का गेलो हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येणार नाही.

मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. निवृत्तीच्या सुमारास, नव्वदचं दशक संपता संपता, काही तरुण मुलांबरोबर मराठीत लिहिण्याचा एक प्रोग्रॅम करू लागलो. त्याचं नाव आम्ही 'दौत' ठेवलं. तो फुकट होता आणि त्याचा सोर्स सगळ्यांसाठी खुला होता. म्हणजे तो ज्या सूचनांवर चालतो त्या कोणीही वाचाव्यात, चूक दिसली तर दुरुस्त करावी आणि दुरुस्ती आम्हाला पाठवावी. शाळा, वाचनालयं, टायपिंगचे वर्ग, जो कोणी मागेल त्याला आम्ही पोस्टाने सीडी पाठवत असू.

दौत उघडायला फार वेळ लागे. जुन्या यंत्रावर तीन मिनिटांच्या वर. आम्ही सकाळी आल्याबरोबर तो उघडायला लावून चहाला जायचो. परत येईपर्यंत तो उघडलेला असे आणि संध्याकाळपर्यंत बंद करायची वेळ येत नसे. त्यामुळे हे दुखणं आहे असं आमच्यापैकी कोणाला वाटलंच नाही.

ते वाटलं वर्धा जिल्ह्यातल्या सेलूला. २००२च्या उन्हाळ्यात सेलूहून वसंत ढोबळे या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या चालकांचं पत्र आलं. त्यांच्याकडे भारनियमन होतं. वीज दिवसातून पाच-सहा वेळा जायची आणि प्रत्येक वेळी आली की दहाही यंत्रांवर दौत पहिल्यापासून उघडावा लागायचा. मुलामुलींचा तास एक, त्यातली वीज अर्धा तास, त्यातली तीन मिनिटं दौतची. कृपया काही करावे, असं शेवटी लिहिलं होतं. मी छापील नमुन्याचं उत्तर पाठवलं.

दोन-तीन महिन्यांनी रजिस्टर पोस्टाने एक जाड पाकीट आलं. आत एक फ्लॉपी आणि टाइप केलेली अकरा पानं. प्रोग्रॅम सुरू केल्यापासून पडद्यावर कोरा कागद येईपर्यंत तो कोणकोणत्या फाइली उघडतो याची या माणसाने यादीच केली होती. त्यात त्यांना दोन गोष्टी सापडल्या होत्या. एक म्हणजे दौत यंत्रावरचा प्रत्येक फॉन्ट पूर्ण वाचत होता, तेही फक्त त्याचं नाव काय हे पाहायला, आणि दर वेळी नव्याने. दुसरी गोष्ट आम्हाला जन्मात सापडली नसती. दौत सुरू होताना नेटवर्कवर स्वतःच्या यंत्राचं नाव विचारायचा आणि उत्तराची वाट पाहायचा. आमच्याकडे नेटवर्क होतं, उत्तर लगेच यायचं. सेलूत नेटवर्कच नव्हतं. तिथे तो कंटाळेपर्यंत थांबायचा आणि मग पुन्हा विचारायचा. जिथे बसून आम्ही चूक केली तिथून ती दिसतच नव्हती.

ढोबळ्यांनी दोन्ही दुरुस्त करून पाठवलं होतं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: "पूर्वी १९० सेकंद. आता १९. मनगटी घड्याळावर दहा वेळा मोजून सरासरी काढली आहे."

आमच्या कामात एक रीत होती. मुख्य प्रतीत भर घालायचा अधिकार माझ्यासह तिघांनाच होता आणि जो भर घालेल त्याचं नाव नोंदीत आपोआप पडे. म्हणून काम दुसऱ्याचं असेल तर नोंदीच्या पहिल्या ओळीत 'अमुक यांच्याकडून' असं लिहायचं. फुकट काम करणाऱ्याला त्यापलीकडे काही मिळत नसे. ढोबळ्यांची दुरुस्ती मी टाकली. ती ओळ लिहिली नाही.

विसरलो नव्हतो. त्या दिवसांत आमच्यातली मुलं मला मान द्यायची, पण काम द्यायची नाहीत. माझं ज्ञान जुनं झालं होतं आणि ते त्यांनी फार सभ्यपणे झाकून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी एका मुलाने दौत सुरू केला, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "सर, हे तुम्ही केलंत?" मी म्हणालो, "थोडं खोदावं लागलं."

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हा प्रवास केला नसता. दीड-दोन वर्षांनी नागपूरच्या एका कंपनीतून फोन आला. मराठी सॉफ्टवेअरच्या कामासाठी त्यांच्याकडे एक उमेदवार आला होता, ढोबळे नावाचा, सेलूचा. दौतचा वेग आपण वाढवला असं तो म्हणत होता, पण नोंदीत तर तुमचं नाव आहे. खरं काय? मी म्हणालो, "सूचना तर पुष्कळ जण पाठवतात." त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

सेलू

वर्ध्याच्या बसस्टँडसमोर एका लॉजमध्ये सामान टाकलं. सकाळी तिथेच पोहे खाल्ले. पोह्यांवर पळीभर लाल तर्री ओतून देतात, आणि मी नको म्हणायच्या आत ती ओतून झाली होती. वर काय घालू असं विचारत पोहेवाला म्हणाला, "सांबार टाकू का?" पोह्यांवर आमटी कशी, म्हणून मी घाईने नको म्हटलं. शेजारचा माणूस हसून म्हणाला, "काकाजी, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर." मग घातली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लं.

सेलू नागपूरच्या बाजूला आहे. एस.टी. तासाभरात पोचवते. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लटकलेला दिसत होता. ट्रॉल्या भरभरून सरकी काढायच्या जिनिंगकडे जातात, तेव्हा काट्यांत अडकून राहतो. आमच्याकडे उसाची गाडी गेली की मुलं मागे धावतात. हा पांढरा कापूस मात्र कोणी काढत नव्हतं.

बसमधून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय अनवाणी ठेवून, चप्पल हातात घेऊन, ढोबळ्यांच्या पत्रांवरचा पत्ता विचारत निघालो. बाजारातल्या त्या इमारतीच्या जिन्याखाली एक म्हातारे चांभारदादा बसले होते. चप्पल त्यांच्याकडे दिली आणि वर पाहिलं. वरच्या मजल्यावर मोबाइलचं दुकान होतं. जुन्या पाटीवर नवा रंग मारला होता, पण उन्हात खालची 'मराठी-इंग्रजी टायपिंग' ही अक्षरं फुगून दिसत होती.

मी इन्स्टिट्यूटची चौकशी केली. चांभारदादांनी आधी दोन टाके घातले.

"ढोबळे सर? ते गेले इथून. चार वर्सं झाले."

कुठे गेले, का गेले, हे सगळं त्यांना माहीत होतं. जिना त्यांच्या डोक्यावरून जात असल्यामुळे कोण चढतं आणि कोण उतरतं हे त्यांना पायांवरून कळायचं. आधी वर चढणारे पाय पुष्कळ होते. सर नागपूरला इंटरव्ह्यूला गेले, सोबत गावातलाच एक मित्र होता. तिथल्या साहेबांनी सरांना समोर बसवून सांगितलं की दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर सांगता, लाज वाटत नाही का. मित्राने परत आल्यावर ते चारचौघांत सांगितलं. मग पुण्याच्या माणसाचं काम लाटलं म्हणून बाजारात सरांना 'पुणेकर' म्हणू लागले. पोरं मजा करायची. जिना चढणारे पाय कमी कमी होत गेले.

"तुमी त्यायचे कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, पत्रांतून ओळख होती.

"आंजीले जा. मोठी आंजी. बाप तिथंच राह्यते त्याचा. त्यायले मालूम असंन." चप्पल माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "मानूस खोटा नव्हता हो. मले नाई वाटत. पन आपल्याले कॉम्पुटरचं काय समजते."

मी पायात चप्पल घातली. त्या क्षणी सांगता आलं असतं. ऐकायला तो एकच माणूस होता, आणि तोही ढोबळ्यांच्या बाजूचा. मी पैसे देऊन बसस्टँडकडे चालू लागलो.

आंजी (मोठी)

दुसऱ्या दिवशी आंजीला गेलो. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्यावर हे मोठं गाव लागतं. शेतांत कापसाची वेचणी चालू होती, बायका कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकत होत्या, आणि मधल्या पट्ट्यांत तूर शेंगांनी वाकली होती. हिवाळ्यातलं ऊन तिकडे आपल्यापेक्षा स्वच्छ असतं असं मला वाटलं.

ढोबळ्यांचं घर शोधायला लागलं नाही, पहिल्याच माणसाने दाखवलं. वडिलांचं नाव गणपतराव. ऐंशीच्या आसपासचे, उंच, पाठ अजून ताठ. अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी वसंतरावांना भेटायला आलोय म्हटल्यावर त्यांचे हात थांबले नाहीत.

"तो इथं नाई राह्यत. बसा."

पाणी आलं, चहा आला, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही असं आतून त्यांच्या थोरल्या सुनेने सांगून पाठवलं. आमच्या पुण्यात अनोळखी माणसाला जेवायला थांबवायचं म्हणजे आधी तो कोण, कुठला हे बघतात. इथे मी कोण हे कोणी विचारलंच नाही. गणपतरावांनीच ठरवून टाकलं.

"टायपिंगच्या परीक्षेचे साहेब असान तुमी. यायचे आधी, पुन्याहून."

माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी हो असा घेतला.

जेवायला सोले-वांगी होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे, वांग्यांत घालून तिखट रस्सा करतात. ज्वारीची भाकर, कच्चा कांदा, आणि मागून मागून वाढणं. एवढं चांगलं जेवण मी बऱ्याच वर्षांत जेवलो नव्हतो, आणि प्रत्येक घास खाताना गणपतराव मला त्यांच्या धाकट्या मुलाबद्दल सांगत होते.

वसंता हुशार होता. शेती थोरल्याने केली, याला शिकवलं. नागपूरच्या नोकरीचं त्याने येऊन सांगितलं तेव्हा म्हणाला होता, बाबा, फक्त भेटायला बोलावलंय, माझ्या कामाचं त्यांनी ऐकलंय, ठरल्यासारखंच आहे. गणपतरावांनी त्याच दिवशी पारावर पेढे वाटले. गावातल्या माणसांना सांगितलं की माझ्या पोराने केलेलं यंत्राचं काम सगळ्या महाराष्ट्रात चालतं. आठ दिवसांत नागपुरात काय झालं ही बातमी आंजीत आली, आणि ज्यांनी पेढे खाल्ले होते त्यांच्याकडूनच ती गणपतरावांना कळली.

"मी शेतात काम करनारा मानूस. पन खोटं नाई बोललो कधी. मी त्याले इचारलं, काम तुयं होतं का नाई? म्हने माह्यं होतं. मी म्हटलं, मंग त्या कागदावर दुसऱ्याचं नाव कसं? तर काही बोलला नाई. नुसता खाली पाहून राह्यला." त्यांनी सुनेला माझ्या ताटात भाकरी वाढायची खूण केली. "मी म्हटलं, खोटारड्यानं माह्या दारात येऊ नये. तवापासून नाई आला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. राग जुना होऊन वाळला होता, त्याखाली काय आहे ते मला दिसत होतं. हातातला घास मी खाली ठेवला. आता सांगायचं, असं ठरवलं. तोंड उघडलं आणि विचारलं, "आता कुठे असतात ते?"

"समुद्रपूरले. तहसीलसमोर अर्ज टाइप करते म्हनतात."

निघताना त्यांनी कागदात बांधून किलोभर सोले दिले. मी घेतले. लॉजवर आल्यावर ते पुडकं टेबलावर ठेवून मी पलंगावर बसून राहिलो. पुढचा अख्खा दिवस मी वर्ध्यातच काढला. बाहेर पडलो नाही. पाचशे मैल आलेला माणूस पन्नास मैलांसाठी इतका अडखळतो हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

समुद्रपूर

समुद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेला. नावात समुद्र असला तरी चारी दिशांना काळी माती आणि कापूस. चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी तहसीलसमोर उतरलो. फाटकाबाहेर एका कडुनिंबाखाली तीन-चार टेबलं होती. स्टँपवाले, झेरॉक्सवाला, आणि कडेला एक टाइपरायटर. टाइपरायटरसमोर रांग होती.

आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पंचेचाळिशीचा सडसडीत माणूस, चष्मा नाकावर घसरलेला, डोकं न उचलता टाइप करत होता. समोरचा माणूस वऱ्हाडीत अर्धवट काहीतरी सांगायचा आणि ते हा माणूस चांगल्या शासकीय मराठीत करून टाकायचा. चूक होत नव्हती. मी रांगेत उभा राहिलो.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी यंत्रात कोरा कागद चढवला. "कशाचा अर्ज?"

मी माझं नाव सांगितलं.

बोटं की-बोर्डवर तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघांकडे. "बसा बाकावर. यायचे दाखले होऊ द्या."

मी बसलो. अर्ध्या तासाने रांग संपली. ते टपरीवरून दोन चहा घेऊन आले आणि माझ्या शेजारी, पण मध्ये जागा ठेवून बसले.

मी जे पाठ करून आलो होतो ते बोललो. नोंदीचं, मुलाला दिलेल्या उत्तराचं, फोनचं. एकही गोष्ट मऊ करून सांगितली नाही. मग पिशवीतून कागद काढला. दौतबरोबर जाणाऱ्या नावांच्या यादीत मी दुरुस्ती केली होती. सुरू होण्याचा वेळ वसंत ढोबळे, सेलू यांनी कमी केला, हे श्रेय आजवर चुकीने माझ्याकडे होतं, असं लिहिलं होतं.

त्यांनी तो वाचला. "चुकीनं?"

मी म्हणालो, जाणूनबुजून असं लिहायला हवं होतं.

ते हसले, तोंडातल्या तोंडात. "मले तवाच समजलं होतं सर. तुमी नवी सीडी पाठवली ना, त्याच्यात नोंद पाह्यली मी. वाटलं विसरले असान. पत्र टाकलं तुमाले."

पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं. हेही मी सांगितलं.

थोडा वेळ आम्ही चहा प्यायलो. मग त्यांनी विचारलं, "आता किती लागते?"

मला आधी कळलं नाही.

"उघडाले. दौत."

खरं तर मला लाज वाटली. दौत आता फारसं कोणी वापरत नव्हतं, मुलं नोकऱ्यांना लागून पांगली होती. शेवटची प्रत मी माझ्या नव्या यंत्रावर उघडून पाहिली होती तेव्हा चाळीस सेकंद लागले होते. मी तसं सांगितलं.

"चाळीस? नव्या मशीनवर?" ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बसले. "कोणी शब्दकोश टाकला असंन. सुरुवातीलेच पूर्ण वाचत असंन तो. लिहिनारा पहिला शब्द लिहीपर्यंत कोशाचं काय काम? तवा वाचाचा." मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आपण कोणाशी बोलतोय. ते पुन्हा समोर बघू लागले.

कॉम्प्युटर का सोडला, हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं. ते टाइपरायटरकडे पाहत म्हणाले की याला वीज लागत नाही, आणि दाबलं की उमटतं. कोणी विचारत नाही की हे तुम्हीच टाइप केलं का.

मग त्यांनी विचारलं, "पत्ता कोनं देला?"

मी आंजीला गेलो होतो हे सांगितलं. त्यांचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"बाबा कसे आहे?"

बरे आहेत, म्हणालो. पाठ ताठ आहे. शेंगा सोलत होते.

"जेवले तुमी तिथं?"

"हो."

"त्यायले सांगतलं?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी कप बाकावर ठेवला. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. एखादं यंत्र पुन्हा तिथेच अडकलं की दमलेला माणूस जसं पाहतो तसं ते माझ्याकडे पाहत होते.

"मंग मले काऊन सांगून राह्यले, सर? मले तर मालूमच होतं."

कागदाची घडी घालून त्यांनी माझ्या हातात परत दिली. टेबलापाशी एक बाई येऊन उभी होती. ते उठले, तिचा रेशनकार्डाचा कागद घेतला आणि टाइप करू लागले. मी आणखी थोडा वेळ बसलो. त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही.

पुन्हा आंजी

पाचव्या दिवशी पहिल्या बसने आंजीला गेलो. अंगणात गारठा होता. गणपतराव उन्हाच्या पट्ट्यात बसले होते आणि मला पाहून त्यांनी बाजूची बाज झटकली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा चहा आला असता.

उभ्या उभ्या सांगितलं. मी परीक्षेचा साहेब नाही. त्या कागदावरचं दुसरं नाव माझं. काम वसंतरावांचंच होतं, सगळं, पहिल्या ओळीपासून. नागपूरहून मला विचारलं तेव्हा मी ते सांगितलं नाही. तुमचा मुलगा खोटं बोलला नव्हता.

त्यांनी ते नीट ऐकलं. कानाला हात लावून एकदा "पुन्ना सांगा" म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती.

मग गणपतराव म्हणाले, "त्या दिवशी तुमी इथं जेवले."

"हो."

"मी बोलून राह्यलो होतो. तुमी आयकून राह्यले होते."

"हो."

"तवा काऊन नाई सांगतलं?"

धीर झाला नाही हे खरं आहे, पण त्या अंगणात ते फार लहान वाटलं म्हणून मी ते बोललो नाही.

गणपतराव आत गेले. मला वाटलं की आता ते बाहेर येणार नाहीत, आणि मी निघावं. पण ते आले. धुतलेलं धोतर, कोट, डोक्यावर टोपी. सुनेने काहीतरी बांधून हातात दिलं, ते त्यांनी कोटाच्या खिशात घातलं. "चला," एवढंच म्हणाले.

बस थांबते तिथे एक पानठेला आहे. चार-पाच माणसं उभी होती. गणपतराव त्यांच्यासमोर जाऊन थांबले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "सांगा यायले."

मी सांगितलं. फॉन्ट, नेटवर्क, नोंद, यातलं काही त्यांना कळणार नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं की एक वस्तू फार हळू चालत होती, ती वसंतरावांनी जोरात चालवली आणि मी म्हणालो मी चालवली. पानवाल्याने चुना लावता लावता हात थांबवला.

"म्हंजे वसंता खरं बोलून राह्यला होता?"

"हो."

"आन् तुमी?"

"मी नाही."

एकाने गणपतरावांना बसायला जागा करून दिली. ते बसले नाहीत. पेढे ज्यांनी खाल्ले होते त्यातले किती जण तिथे होते ते मला माहीत नाही, त्यांना माहीत असणार. बस आली तेव्हा दोघांनी त्यांना हात देऊन चढवलं.

वर्ध्याला गाडी बदलली. समुद्रपूरवरून पुढे गिरडला जाणारी बस मिळाली. गणपतराव पुढच्या सीटवर बसले, मी तीन रांगा मागे. सबंध रस्ताभर ते समोरच्या दांडीला धरून सरळ बसले होते आणि खिडकीबाहेर पाहत नव्हते. मला त्यांची टोपी आणि मान तेवढी दिसत होती. एकदा ड्रायव्हरने जोरात ब्रेक लावला तेव्हा त्यांचा हात आधी कोटाच्या खिशाकडे गेला.

तहसीलसमोर बस थांबली. मी उठलो तसे ते वळून म्हणाले, "तुमी नका उतरू."

मी बसलो. ते एकेक पायरी करत उतरले. कंडक्टरने घंटी मारली, पण पुढे कापसाची ट्रॉली वळत होती, म्हणून बस तिथेच घुरघुरत राहिली. खिडकीतून कडुनिंब दिसत होता. टाइपरायटरसमोर रांग होती आणि ढोबळे खाली मान घालून टाइप करत होते.

गणपतराव टेबलापासून काही पावलांवर थांबले. हाक मारली नाही. दोन बायका आणि एक माणूस उभा होता, त्यांच्या मागे जाऊन ते रांगेत उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि पाळी यायची वाट पाहू लागले. एक बाई पुढे सरकली तसे तेही एक पाऊल पुढे सरकले. मग ट्रॉली वळली आणि आमची बस निघाली.